मनगटावरचे पाच ठिपके

आये, गेल्या आठवड्यात मी जव्हारला गोंदवून घ्यायला गेले होते. आता त्याला टॅटू म्हणतात. स्टँडच्या मागे एकाने दुकान काढलंय. माणूस बरा होता, सुई माझ्यासमोर पाकिटातून काढली. म्हणाला, "ताई, आधी नीट ऐका. मनगटाची चामडी पातळ, तिथे जास्त दुखतं. पंधरा दिवस चिखलात हात घालायचा नाही, बांगडी नाही, घड्याळ नाही. आणि एकदा काढलं की ते जात नाही, घरी विचारून आलात ना?" पंधरा दिवस चिखलात हात नाही म्हणजे भाताची आवणीच सोडायची. हे ऐकून तू त्याला काय काय बोलली असतीस, ते आठवून मला हसू आलं. मग मी बाही वर केली आणि त्याने तोंड बारीक केलं.

मी आठ वर्षांची आहे. जामसरला आपल्या ओटीवर गोंदणारी बाई बसली आहे, तिच्यापुढे मजुरीची पायलीभर नागली. तू मला मांडीत घट्ट धरलंयस, तोंडात गुळाचा खडा दिलायस. चार ठिपके, मधे एक, तुझ्या डाव्या मनगटावर होते तसेच. मी रडते तर तू म्हणतेस, "रडू नको. मेल्यावर डोरला काढतील, लुगडा काढतील, हा कोन काढील? तिथं मी ह्याच्यावरून तुला वलखीन." हळद लावून तू माझ्या हातावर फुंकर घालतेस. तेवढं दुखणं मी तेव्हा विसरले.

मोखाड्याला शाळेच्या वसतिगृहात एका मोठ्या मुलीने सांगितलं, पोलीस भरतीत गोंदलेल्या पोरींना घेत नाहीत. मला पोलीस व्हायचं होतं. विचारायचं कोणाला हेही कळत नव्हतं. मी रानातून बिब्बा आणला, तापवून त्याचं तेल ठिपक्यांवर लावलं, एकदा नाही, तीनदा. हात कोपरापर्यंत सुजला. कातडी निघाली, खाली काळा, जाड वण राहिला. सुट्टीत घरी आले तेव्हा तुला सांगितलं, डाळ सांडली. तू रागावलीस, "डोला कुठं होता तुझा?" आणि मग रोज खोबरेल चोळत राहिलीस. भरतीत माझ्या मनगटाकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. मी धावण्यातच मागे पडले.

तू गेलीस त्या दुपारी माझा डावा हात हातात घेतला होतास. दिसत नव्हतं तुला, अंगठ्याने वण चाचपत होतीस. "डालच सांडली व्हती ना?" मी हो म्हणाले. तू अंगठा वणावरच ठेवून म्हणालीस, "मंग तिथं तुला वलखायची कशी मी?" मी तुझं पांघरूण सारखं केलं. आये, सगळा जन्म तुझा रानात गेला, बिब्ब्याचा डाग तुला कळला नसेल? तू मला बोलायला जागा देत होतीस, असं आता वाटतं, आणि ते वाटलं की हातातलं काम हातात राहतं.

दुकानवाल्याने वण दाबून बघितला. म्हणाला, ह्यावर शाई धरणार नाही, धरली तरी पसरेल, पाच ठिपक्यांचा एकच डाग होईल. उजव्या हातावर काढू का? पण तू उजवा हात कशाला बघशील? मी उठले. तिथे तू गर्दीत पोरींची डावी मनगटं धरून बघत असशील आणि मी समोरून येऊनही तू मला पुढे जाऊ देशील. मला दुसरं काही दिसतच नाही.

हा कागद मी घडी करून नागलीच्या कणगीत टाकणार आहे, तिथे कोणी बघत नाही. एक राहिलं. निघताना त्याने सहज विचारलं, हे कशाने झालं? तो परका माणूस, तुला सांगायला थोडाच येणार होता. तरी मी म्हणाले, डाळ सांडली.