मान हलते, अक्षर हलत नाही

२ जुलै ७४, मंगळ.
गोळी गिळली आणि अर्ध्या तासात ओकारी. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला होईल, सोसा. सोसते की. कंपवात दोन वर्षं सोसला, ओकारीला काय भ्यायचं! पण आज फळ्यावर 'कमळ' लिहिलं ते शेवटच्या बाकावरच्या पोरीनं वाचलं. गेल्या महिन्यात माझं अक्षर मुंगीएवढं झालं होतं.

५ जुलै
मुख्याध्यापकांनी बोलावलं. "बाई, निवृत्तीला तीनच वर्षं राहिली. आजारपणाची रजा टाका, घरी बसा." म्हटलं, हात लिहितोय तोवर खडू माझा. म्हणे, महिनाअखेर साहेब वर्गतपासणीला येतील, तेव्हा ठरेल. ठरू दे.

११ जुलै
नवं लचांड. गो. घेतल्यावर तासाभरानं मान डुलायला लागते. मग खांदे, कंबर. तोंड वेडंवाकडं. आणि गंमत म्हणजे हात नेमका त्याच वेळी मोकळा! डुलत डुलत बाराचा पाढा लिहिला, एक आकडा वाकडा नाही. पोरी आधी हसल्या, मग लिहायला लागल्या.
घरी हे म्हणाले, "साकु! बंद कर ती गोळी." साकु म्हणजे पुरे; चिडले की कानडी. मी म्हटलं, नाक दुखतं म्हणून तुम्ही चष्मा टाकून दिलात का?

१६ जुलै, मंगळ.
काय म्हणावं आता! मधल्या सुट्टीत फाटकात चार बायका. हळदकुंकू, खण, नारळ. पुढं आमची शिपाईबाई शांताबाई.
"बाई, तुमच्या अंगात आई येती की. आखाडाचा मंगळवार हाय. माज्या लेकीचं लगीन यंदा जमंल का, तेवढं सांगा."
"अगं, अंगात गोळी आलीय, आई नाही!"
"देवी कुटं सांगती व्हय, मी देवी हाय म्हणून?"
आणि माझी मान नेमकी तेव्हाच हलली. बायकांनी होकार धरला.

१८ जुलै
आज मला बघून मुख्याध्यापक खुर्चीतून उठले! रजेचा शब्द नाही. मलाच विचारतात, बाई, काही हवं का? हे म्हणाले, "गप्प राहा की. नोकरी वाचती." खरंच वाचते. दुपारभर हेच डोक्यात.

२३ जुलै, मंगळ.
परत फाटकात बायका. एकीच्या कडेवर तापानं फणफणलेली पोर. "दवाखान्याचं औषध बंद करून अंगारा लावू का?" मान हलली. ती निघालीच! तशीच डुलत धावले, दंड धरला तिचा, ओरडले, औषध दे, औषध! ती घाबरून हो म्हणाली. दिलं असेल ना? घरी येऊन लई रडले.

२७ जुलै
डॉक्टरांच्या सांगण्यावरून चार दिवस अर्धी गो. मान जागेवर. हातही जागेवर, दगड. पोलक्याची बटणं ह्यांनी लावली. फळ्यावर पुन्हा मुंग्या.
डॉक्टरांना सांगितलं, पूर्ण द्या, डुलले तर डुलले. ते म्हणाले, "लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोकांना मी सांगते काय म्हणायचं ते.

३० जुलै, मंगळ.
पूर्ण गो. तासानं फळ्यावर हे एवढं मोठं लिहिलं: 'बाईंना कंपवात आहे. बाईंची मान गोळीनं हलते, देवीनं नाही. आजारी माणसाला डॉक्टरांचं औषध द्या.' पोरींना शुद्धलेखन म्हणून उतरवून घ्यायला लावलं. घरी आईला वाचून दाखवायचं, हाच गृहपाठ.
शांताबाईनं दारातून ऐकलं. "मग माज्या लेकीचं वो?" म्हटलं, जमेल गं, पण मला विचारू नको.
मुख्याध्यापकांनी बोलावलं. आज उठले नाहीत. "बाई, हे काय करून बसलात? उद्या साहेब येतायत. त्यांना काय सांगू?"
"काही सांगू नका. फळा पुसलेला नाही."
साहेब अकराला येणार. गो. दहाला घेईन. म्हणजे बरोबर डुलेन, आणि बरोबर लिहीन. त्यांनी काय बघायचं ते बघावं.