डाव्या पुडीची कणीक

न्हाई आबा, म्हातारपणी मला शिनेमाची हौस आलेली न्हाई. ते होम थिएटर नातवाच्या बापानं, म्हंजे माझ्या पोरानं आणलं, सूसला नवं घर बांधलं तवा. टीव्हीच्या दोन बाजूला स्पीकर, मागं भिंतीवर दोन, आन् कोपऱ्यात एक काळा डबा. त्याच्यातनं नुसता खालचा जड आवाज येतो. वूफर म्हणत्यात त्याला. मी फक्त तुमची कॅसेट लावाय सांगितली. का, त्ये तुमाला ठावं हाय.

लई वर्सांमागं तुमच्या मुळशीच्या घरात एकादशीचं भजन व्हतं, मी माहेरी आलेली. तुमच्या पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हंजे डाव्या तोंडाच्या कातड्याला, आवाज जड यावा म्हनून लावायची कणीक ल्हानपणापास्नं मीच मळायची. दुसऱ्या कुणाच्या हातची तुमाला चालायची न्हाई, आन् पखवाजाला मातर मला बोट लावू द्यायचा न्हाई. त्या दिशीबी मळली आन् सैपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलं. भजन संपलं तसं तुमी सगळ्या मंडळींपुढं, जावयापुढं वरडला, "पोरी, कणीक सैल मळलीस! डावा सगळा पडला माझा." ह्यांनी टेपरेकॉर्डर आणलेला, त्यात भजन भरलं, तुमचं वरडणंबी भरलं. तवापास्नं भाकरी जरा चिरली की हे म्हणणार, "आबा उगं न्हवते बोलले." त्या डबड्या टेपात टाळ आन् तुमचा उजवा हात तेवढा वाजायचा. डावा ऐकूच यायचा न्हाई. मग कणीक घट्ट व्हती ह्ये मी दाखवणार कसं?

रविवारी पोरानं टेपची वायर होम थिएटरला जोडली. डावा आला, व्हय, पन कसा! सगळा सैल, घुमणारा, उजव्याच्या मागनं रेंगाळणारा. खिडकीची काच थरथरली. हे खाटेवर बसून हसाय लागले. "बघ, सैलच हाय."

"कोपरा घुमतोय त्यो," मी म्हनले. "आबाचा डावा-उजवा एकाच अंगातनं यायचा. ह्यो त्या डब्यातनं येतोय, कळतंय मला."

"आई, आता त्याला कणीक लावू नकोस म्हणजे झालं," पोरगं म्हणालं. पन मग त्यानंच मित्राकडनं ऐकलेली युक्ती केली. ह्यांना उठवलं, डबा ह्यांच्या जागी खाटेवर ठिवला, कॅसेट चालू केली. "तू खोलीत फिर. जिथं आवाज नीट लागेल, तिथं डबा ठेवू." फिरले. कोपऱ्यात घुमघुम, खिडकीपाशी काईच न्हाई. सैपाकघराच्या दारात आले आन् थांबले.

"हितं."

"अगं आई, येता-जाता पायात येईल."

"येऊ दे."

डबा दारात गेला. त्यानं बटण फिरवत आवाज उतरवला, डबा हाय ह्येच इसरायला झालं तवा मी थांब म्हनले. खाटेवर मी बसले, हे उभे. कॅसेट परत पहिल्यापास्नं.

आबा, डाव्याचा धुम खरा हाय. घट्ट, गोल. एकामागनं एक अभंग झाले, कुटंच सैल न्हाई. शेवटच्या अभंगात मातर डावा मागं पडतोय. आवाज खराच, पन उशिरा. उजवा पोचतोय आन् डावा ओढत येतोय. कणकेनं आवाज पडंल, हात कसा उशिरा पडंल? हे हसायचे थांबले. "त्याच पावसाळ्यात डावं अंग गेलं त्यांचं," एवढंच बोलले.

तुमाला तवाच कळलं व्हतं. हात जड झालाय म्हनाय जीभ वळली न्हाई, म्हनून माझ्या कणकेवर ढकललं. माझी कणीक सैल न्हवती. तवाबी न्हवती, आजबी न्हाई.

ह्ये लिवलेलं कुणाला वाचून दावणार न्हाई, कुटं धाडणार न्हाई. एक मातर झालं. त्या शेवटच्या अभंगात तुमचा डावा जितं जितं मागं राहिला, तितं तितं माझा हात मांडीवर पडला, येळेवर. ह्यांनी बघितलं.

डबा दारातच राहणार. आता ह्याच्यावर मी काई बोलणार न्हाई.