पावणेसहाच्या गाडीसकट घर

मी, थाव मेई-छिंग, वय एकाहत्तर, राहणार च्याई, तैवान, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, बुद्धीत नाही. शाळेतल्या सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे डावीकडे समासही सोडला आहे.

१. राहते घर मी माझा मुलगा युन-झे यास देत आहे. ते विकू नये आणि त्याला तेथून हलवू नये. कारण सविस्तर लिहिते, कारण माझी मुलगी शिन-रुई त्याला तैपेईला न्यायला निघाली होती.

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी संध्याकाळी पावणेसहाला गाणे वाजवत येते. ज्याने त्याने आपली पिशवी घेऊन बाहेर उभे राहायचे. युन-झे चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, आणि ते गाणे ऐकू आले की दारावर धडका देई. माझे यजमान वन-हाय खिडक्या लावून रेडिओ मोठा करत. म्हणत, "लोक काय म्हणतील?" मी तर गळ्यात क्रूस घालून, भेदरलेला जीव परत बोलावणाऱ्या बाईकडे त्याचा सदरा नेला. तिने त्यात वाटीभर तांदूळ बांधून मंत्र म्हटले. घरी आल्यावर युन-झेने ते तांदूळ चुलीपासून दारापर्यंत एका रांगेत मांडले. जीव कुठेच गेला नव्हता. आम्हीच चुकीच्या जागी शोधत होतो.

तो नऊ वर्षांचा असताना एकदा गाडीचा कर्णा बिघडला. गाडी मुकीच आली. युन-झे आमचा डोळा चुकवून निसटला आणि गल्लीतली अकराही दारे त्याने बडवून काढली. मासे विकणारी शेजारीण शिऊ-लिएन पिशवी घेऊन धावली आणि परतताना ओरडली, "मेई-छिंग, तुझा पोरगा नसता ना, तर आज माशांची डोकी उशाला घेऊन झोपले असते मी!"

वन-हाय हसत सुटले. डोळे पुसून म्हणाले, "उद्यापासून पिशवी आम्ही दोघं नेणार."

रेडिओ त्या दिवशी बंद झाला. गाडी यायच्या आधी ती दारे आजही वाजतात.

२. बँकेतील बचत शिन-रुईला. ती म्हणाली होती, "आई, आमच्या इमारतीत कचऱ्याची खोलीच आहे. दादाला गाडीची वाट बघायलाच नको."

"अगं, मग तो करेल काय?"

गेल्या महिन्यात ती इथे राहिली. युन-झेने तिच्या हातात पिशवी दिली आणि म्हणाला, "ही हलकी. तुझी." तैपेईचा विषय तिने परत काढला नाही.

बुधवारी आणि रविवारी गाडी नसते, तो अस्वस्थ होतो. त्या दिवशी पावणेसहाला शिन-रुईने फोन करावा. "काय बोलू गं?" असे तिने विचारले आहे. काही नको. तो फोनवर टकटक करील, तू "आले, दादा" म्हण.

३. धाकटे दीर वन-लुंग यांनी नववर्षाच्या जेवणाला "पाहुणे येतायत, त्याला आत ठेवा" असे म्हटले होते. त्यांना तो रेडिओ. आवाज अजून मोठा होतो.

४. माझा अंत्यविधी पावणेसहाला ठेवू नये. ठेवलाच, तर युन-झे मधूनच उठेल आणि गल्लीही त्याच्यामागे जाईल. कोणी त्याला अडवू नये. माझ्या दारावरही त्याने नेहमीसारखे वाजवावे.

सही: थाव मेई-छिंग
साक्षीदार: १. त्साय शिऊ-लिएन, मासे विक्रेती
२. सिस्टर बेनेडिक्टा

च्याई, मंगळवार, १८ एप्रिल २०२३

टीप: साक्षीदार क्र. १ यांची सही अर्धी झाली असता दार वाजले. उरलेली सही गाडी गेल्यावर केली आहे.