दगडफुलाची दुसरी पिशवी

हॅमिल्टन, १२ एप्रिल

तीर्थस्वरूप वहिनींस,

बाळचा साष्टांग नमस्कार. (दोन्ही गुडघे बदलल्यापासून साष्टांग फक्त कागदावरच जमतो, गोड मानून घ्यावा.) तुमचा डावा खांदा, दादांची शुगर आणि गच्चीतला कढीपत्ता, तिघांचीही खुशाली कळवावी. माझं म्हणाल तर ठीक आहे. परवा पुन्हा बर्फ पडला. फावडं घेऊन ड्राइव्हवे शोव्हल केला म्हणून विक्रमने रेजिनाहून फोन करून मला झापलं. आता मुलगा अडीच हजार किलोमीटरवर आणि बर्फ माझ्या दारात, तर शोव्हल कोण करणार?

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुम्हाला. फोन दादा स्पीकरवर ठेवतात, आणि संध्याकाळपर्यंत बातमी कराडच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर पोचते. ही बातमी कट्ट्यावर जाण्यासारखी नाही. म्हणून यशोधनच्या हाती पत्र देतोय. (हा आमच्या समोरच्या घरातला, आजोळ कराडचंच. मुलगा गुणी आहे, फक्त एकदा बसला की उठत नाही.) तुम्ही हे वाचत असताना तो समोर बसलेला असेल. त्याला चहा द्या. जेवायला मात्र इतक्यात थांबवू नका, कारण पुढे येईल.

तुमची जाऊ नीरजा गेल्यापासून स्वयंपाकघर माझ्याकडे आहे, आणि गोडा मसाला मी अजून तुमच्याच पद्धतीचा करतो. १९७१ साली मी विमानात बसायच्या आदल्या दिवशी तुम्ही शिकवलात तोच. 'दगडफूल चांगलं नसेल तर तो मसाला नव्हे, धण्याची पूड' हे तुमचं वाक्य मी इथे निम्म्या ऑन्टॅरिओला ऐकवलंय. आणि इथल्या ग्रोसरीतल्या दगडफुलाला वास म्हणून नाही. हे रडगाणं मी चार महिने घरात गात होतो. घरात म्हणजे मैत्रेयीपाशी. (विक्रमची मुलगी. इथल्या युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करते आणि माझ्या बेसमेंटमध्ये राहते. मी मराठीत बोलतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, दोघांचंही झकास चालतं.)

फेब्रुवारीत धणे आणायला म्हणून बेसमेंटमधल्या थंड खोलीत गेलो, तर माझ्या डब्यांशेजारी कागदाच्या दोन पिशव्या. उघडून बघतो तर दगडफूल! काळंकरडं, कडा वळलेलं, काडी नाही, कचरा नाही, चिमट्याने निवडल्यासारखं स्वच्छ. (चिमट्यानेच निवडलेलं होतं.) माझा वाढदिवस आठ दिवसांवर आलेला. पोरीने आजोबांसाठी कुठून कुठून मिळवलं, लपवून ठेवलं! वहिनी, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. त्यात चष्मा वर राहिलेला. त्यामुळे पिशवीवरचं लेबल वाचायचं राहून गेलं. एकतीस वर्षं मी स्टीलच्या कारखान्यात धातू तपासले, लेबल न वाचता नमुना हातात घेतला म्हणून तीन ज्युनिअरांना रडवलं, आणि स्वतः ही अक्कल पाजळली.

तिने सरप्राइज ठेवलंय तर आपणही सरप्राइज द्यावं, असं मनात आलं. एक पिशवी तेलावर परतून मसाल्यात घातली. दुसरी, खास म्हणून, इथला एक ओळखीचा संजय भारतात येत होता त्याच्या बॅगेतून तुम्हाला पाठवली. वाढदिवसाला मैत्रेयीने लोकरीचे मोजे दिले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मोजेही छान होते.

पुढचं घडलं पाडव्याला. मिल्टनच्या एका शाळेच्या हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाचं जेवण होतं आणि कटाची आमटी माझ्याकडे. एकशे दहा पानं. लोक वाट्या तोंडाला लावून प्यायले हो! डॉक्टर विश्वनाथ (किडनीचे स्पेशालिस्ट, आता रिटायर्ड) यांनी तीन वाट्या घेतल्या. माझी छाती अशी काही फुगली की मी माइक घेतला आणि जाहीर केलं, हे दगडफूल माझ्या नातीची भेट आहे. टाळ्या झाल्या. मैत्रेयीची वाटी हातातच राहिली. "आजोबा, व्हॉट दगडफूल? फ्रॉम द कोल्ड रूम?" आणि मग अगदी हळू आवाजात, "दॅट्स माय कॅरिबूज लंच."

माइक चालू होता.

आता हे काय ते सांगतो. कॅरिबू म्हणजे तिकडे उत्तरेच्या टोकाला राहणारं रानटी हरीण. हिवाळाभर ते बर्फ उकरून दगडफुलाच्या जातीचंच खातं. या दगडफुलाला मुळं नसतात. हवेतून जे येईल ते घ्यायचं, पारा म्हणा, शिसं म्हणा, कॅडमियम म्हणा, आणि साठवून ठेवायचं. (थेट तुमच्या फडताळासारखं, वहिनी. आलेली वस्तू आत जाते ती बाहेर येत नाही.) हरणाने ते खाल्लं की ते त्याच्या किडनीत जाऊन बसतं, आणि तिकडची माणसं हरणाची किडनी आवडीने खातात. मैत्रेयीला तिथल्या एका आजीने विचारलं होतं, नातवंडांना वाढू की नको? पोरीने तिला शब्द दिलाय, या उन्हाळ्यात सांगते म्हणून. आजीचे लोक जिथे शिकार करतात तिथले तपासायला आणलेले नमुने म्हणजे फक्त या दोनच पिशव्या होत्या. तिथे जायला आता पुन्हा हेलिकॉप्टर मिळायचं नाही.

मंडळाच्या तब्येतीची काळजी नको. मैत्रेयीने तिथेच टिश्यू पेपरवर हिशेब केला. वाटीभर आमटीत जेवढं कॅडमियम गेलं त्याहून जास्त डॉक्टरांच्या सिगारेटींत असतं, ज्या ते पार्किंगमध्ये गाडीआड उभे राहून ओढतात. ही बातमी त्यांच्या मिसेसना नवीन होती. डॉक्टर तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीत.

पण मैत्रेयी ओरडली नाही हो. ओरडली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर बेसमेंटच्या पायरीवर बसली, 'इट्स ओके, आजोबा' म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी मराठीत बोलायला लागली. 'हो.' 'नको.' 'जेवले.' परक्या घरी आल्यासारखं. इतकी वर्षं तिने मराठी बोलावं म्हणून मी तिच्या मागे लागलो, आणि आता ते ऐकवत नाही.

असो. दादांना नमस्कार. पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नये.

तुमचा धाकटा दीर,
बाळ

ता. क. दुसरी पिशवी यशोधनकडे द्यावी. त्यावर सी-१२ असं लिहिलंय. तो तीन मेला परत निघतो. कस्टम्सचा कागद मैत्रेयीच्या सरांना गाठून मिळवलाय, तो त्याच्या खिशात आहे. तिला यातलं काही बोललो नाही, उगाच आशा लावायची आणि पुन्हा मोडायची. अर्धी उरली असेल तर अर्धी चालेल. सर म्हणाले, मूठभरसुद्धा चालेल.

ता. क. २. मार्चमध्ये तुम्ही फोनवर म्हणालात, 'बाळ, तुझ्या दगडफुलाची आमटी केली, घरभर वास सुटला, अशी चव जन्मात चाखली नव्हती, संपलंसुद्धा.' चोपन्न वर्षांत तुमच्या तोंडून माझ्या वस्तूचं पहिलं कौतुक. मी ते तारीख घालून कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

ता. क. ३. पहिलं नव्हे, दुसरं. आत्ता आठवलं. अठ्ठ्याऐंशी साली पाठवलेल्या मेपल सिरपलाही तुम्ही 'अशी चव जन्मात चाखली नव्हती, संपलंसुद्धा' असंच म्हणाला होतात, आणि ती बाटली सीलसकट तुमच्या फडताळात वरच्या कप्प्यात आहे, हे दादा मागे एकदा चुकून बोलून गेले. तेव्हा मी सहा महिने तुमच्यावर रुसून होतो. ते सगळं मी आज परत घेतो. यशोधनला स्टुलावर चढवा, वहिनी, आणि वरच्या कप्प्यात बघायला सांगा. तुम्ही तेव्हासारखंच खोटं बोलला असाल ना?