तुतीची पानं काढताना

आई, आज कुंडीतल्या तुतीची पानं काढायला बसले आणि अर्ध्यावरच कंबर धरली. तुझी कंबर कशाची होती कोण जाणे. साकीनाक्याच्या बटणांच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून यायचीस, आणि वर झाडाशी भांडायला जोर असायचाच. ती तुतीही तू कारखान्याच्या फाटकाजवळूनच आणलीस, पिशवीत डब्याशेजारी खोचलेली बोटभर जाडीची काडी. घाटकोपरच्या आपल्या चाळीत सांडपाण्यावर ती अशी फोफावली, की नळावर येणाऱ्या बायकांचे पदर तिच्यात अडकायचे. तुती पिकली की वाटीत मीठ लावून द्यायचीस आणि आम्हा तिन्ही भावंडांची बोटं जांभळी व्हायची. खाताना मात्र तू कधी दिसली नाहीस.

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हाची थंडी. तू फांद्या छाटते आहेस, उरलेलं एकेक पान ओरबाडते आहेस, पाला शेजारच्या काकूंच्या शेळीपुढे पडतो आहे. झाड मेलं म्हणून मी रडते. तू वळून न बघताच म्हणतेस, "रडतंस कित्याक गो? पानां रवली तर फळ धरूचा नाय." मग हात धुतेस आणि त्याच आवाजात सांगतेस, "सोमवारपासून माझ्यावांगडा कामाक येवचा. शाळा पुरे झाली." मी तेव्हा नववीत होते.

तुझं काही चुकलं नाही. थोड्याच दिवसांत झाड फुटलं, लगडलं. धाकटे दोघेही शिकले, मार्गी लागले. एक मालाडला असतो, घरातसुद्धा चपला घालून फिरतो आणि फोनवर म्हणतो, "ताई, आता आराम कर ना." मी हो म्हणते. सगळं आयुष्य उभ्याने काढल्यावर आराम कसा करायचा, ते मला कुणीतरी शिकवायला हवं. फार थकले आहे गं.

हे कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून लिहायला धीर होतो आहे. मला शाळा आवडायची, आई, आणि तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. त्या दिवशी नुसतं विचारलं असतंस, "येतलंस काय गो?" तर मी लगेच हो म्हणाले असते.