टेबलावरचा दुसरा डबा

चुगलखोर ताईस, तरीही साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. पण काल काय झालं ते ऐक. मुलगा-सून कामावर गेलेले. दुपारी दार उघडलं, तर एक अनोळखी बाई, हातात दोन डबे.

"आजी, ज्येष्ठांच्या जेवणसेवेतून आलेय. एक तुमचा, एक माझा. आता रोज दुपारी सोबत जेवायचं."

आणि सरळ आत येऊन टेबलाशी बसली! आपल्या कॉन्व्हेंट शाळेत न विचारता खुर्ची ओढली असती, तर सिस्टरनी कान उपटला असता.

"मी तुमची आजी नाही," मी सुनावलं.

"बरं, मावशी. बसा, गार होतंय. रोज ओट्याशी उभ्यानेच चहा-पाव खाता म्हणे. तुमच्या मुलाने सांगितलं."

ताई, हे मी जगात फक्त तुला लिहिलं होतं! भाच्याला फोन करताना जीभ कशी रेटली गं?

बाई अखंड बडबडते. भाजी अळणी होती. तरी डबा कधी संपला, कळलं नाही.

आज दोन ताटं काढून ठेवलीत. माझ्या घरात डब्यातून कुणी जेवायचं नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? आणि दुपारी तू कुणाबरोबर जेवतेस, ते खरं लिही. तुझ्या लेकीचा नंबर माझ्याकडेही आहे.

तुझी,
अजून न निवळलेली धाकटी