दिवंगत आईच्या नावाने मैत्रिणींना जाणारे ‘आता तुमचा नंबर’ हे संदेश थांबवण्याबाबत

प्रति,
मा. शाखाधिकारी,
‘निवांत’ अंत्यविधी सेवा,
साल्टपॉन्ड, घाना.

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : आपली मोफत नोंदणी योजना, २ मार्च रोजी आपल्या कारकुनांशी झालेली भेट.

महोदय,

१. माझी आई एकुआ क्वान्साह बाजारात धुरी दिलेली मासळी विकत असे. फुकट तेल, फुकट डेटा अशा योजनांच्या लिंका ती चर्चमधल्या मैत्रिणींना पाठवी. तिचे दोन नियम होते : वस्तू आधी स्वतः घेऊन पाहायची, आणि त्यात आपल्याला काय मिळते ते लपवायचे नाही.

२. आपल्या योजनेत पाच मैत्रिणी जोडल्या की अंत्यविधीला वीस खुर्च्या मोफत होत्या. आई आपल्या दुकानात आली आणि नमुन्याच्या शवपेटीत दहा मिनिटे निजली. मी रागावले, तर म्हणाली, “अगं, चाखल्याशिवाय मी मासा विकत नाही, आणि निजल्याशिवाय पेटीची लिंक पाठवू?” मग तिने त्रेचाळीस जणींना लिहिले : “पाठीला बरी आहे. यात मला खुर्च्या मिळतात. पटलं तर दाबा.”

३. आईला ३१ जानेवारीला पुरले. खुर्च्या वेळेवर आल्या, आभारी आहे. मात्र त्यानंतरच्या सोमवारपासून तिच्या फोटोसह रोज संदेश जात आहे : “एकुआ यांनी आमची सेवा वापरली. त्या समाधानी आहेत. आता तुमचा नंबर!” खुर्च्यांचे वाक्य आपण गाळले आहे.

४. बहुतेक जणी हसल्या. एकीने भर बाजारात फोनलाच सुनावले, “एकुआ, मेलीस तरी गिऱ्हाईक सोडवेना का गं तुला?” पण एक्याऐंशी वर्षांच्या बेंटुमा, ज्यांना सारे चर्च आदराने ‘मामे’ म्हणते, त्या हसल्या नाहीत. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या आहेत आणि पांढरे वस्त्र इस्त्री करून ठेवले आहे. हे यंत्र पाठवते, असे मी समजावले. त्या म्हणाल्या, “पोरी, तुझ्या आईनं पाठवलेलं कधी खोटं निघालं? तेल मिळालं. डेटा मिळाला. आता ती तिकडे खोळंबलीय, आणि मी इथं गोळ्या गिळत बसू?”

५. आपले कारकून म्हणतात, “मॅडम, लिंक ज्यांची, त्यांनी स्वतः येऊन सही केली की लगेच बंद.” आपल्या पेट्यांची झाकणे किती घट्ट बसतात, हे आपल्याच माहितीपत्रकात छापलेले आहे.

६. लिंक पाठवणारा आपला शब्द तारण ठेवतो, असे मला वाटते. आईने तो जपून ठेवला. आपण तो तिला न विचारता वापरत आहात.

७. संदेश नुसते बंद केले, तर मामे बेंटुमा वाट पाहतच राहतील. एखादी योजना संपली की आई सगळ्यांना कळवी : “संपलं गं. उगाच धावू नका.” हेच शब्द तिच्या नावाने त्रेचाळीस जणींना एकदा पाठवावेत आणि मग कायमचे थांबावे. हे आजच व्हावे. गोळ्या बंद होऊन नऊ दिवस झाले.

आईची एकही लिंक मी कधी उघडली नाही. हा निरोप मलाही पाठवावा. मी उघडीन.

आपल्या कार्यवाहीच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
अराबा क्वान्साह
४ मार्च

सोबत : आईच्या मृत्यूचा दाखला, माझा मोबाइल क्रमांक.